शक्सगामची तुटक रेघ

२८ डिसेंबर २०२२ रोजी अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरणात एक तपशील आहे. तो बातम्यांच्या गर्दीत फारसा कुणाच्या नजरेत भरला नाही. २०३० पर्यंत देशाच्या भूपृष्ठाच्या उंचीचे जे अंकीय प्रतिमान तयार व्हायचे आहे, त्यात मैदानी प्रदेशासाठी २५ सेंटिमीटर आणि डोंगराळ प्रदेशासाठी १ ते ३ मीटर इतकी अचूकता अपेक्षिली आहे. हे धोरण आखणाऱ्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे कार्यालय दिल्लीत, न्यू मेहरौली रोडवरच्या टेक्नॉलॉजी भवनात आहे. १७६७ मध्ये स्थापन झालेला सर्व्हे ऑफ इंडिया आज याच विभागाच्या अखत्यारीत येतो.

डोंगरात तीन मीटरांची चूक म्हणजे किती थोडी, हे समजण्यासाठी जुन्या नकाशांतली एक चूक पाहावी. १९०९ च्या उन्हाळ्यापर्यंत काराकोरमच्या नकाशात सत्तर किलोमीटरांहून लांब अशी एक हिमनदी जवळजवळ संपूर्ण गहाळ होती. तिचे मुख ठाऊक होते, धड नव्हते. आणि ती गहाळ होती म्हणून तिच्या पलीकडची नदीही चुकीच्या जागी येऊन बसली होती. ती नदी म्हणजे शक्सगाम, आणि ती हिमनदी म्हणजे सियाचिन.

शक्सगामचा नकाशा कसा तयार होत गेला, याची हकीकत साधारणतः शूर गोऱ्या प्रवाशांची साहसकथा म्हणून सांगितली जाते. साहस त्यात आहेच. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तिच्याकडे पाहावे ते वेगळ्या कारणासाठी. नकाशावर दोन प्रकारच्या रेघा असतात. प्रत्यक्ष मोजलेले दाखवणारी अखंड रेघ आणि अंदाजाने जोडलेले दाखवणारी तुटक रेघ. पुढे हा नकाशा ज्यांच्या ज्यांच्या हाती गेला, त्यांच्यापैकी किती जणांना या दोन रेघांतला फरक लक्षात राहिला, हा माझ्या मते या इतिहासातला खरा प्रश्न आहे.

आधी जागा समजून घेऊ. लडाखमधून नुब्रा खोऱ्याने उत्तरेकडे गेले की काराकोरमची मुख्य रांग आडवी येते. के-२, गाशेरब्रुम, तेराम कांगरी ही शिखरे याच पट्ट्यातली. या रांगेच्या दक्षिणेला वितळलेले पाणी नुब्रा आणि श्योक नद्यांतून सिंधूला मिळते आणि शेवटी अरबी समुद्रात जाते. उत्तरेला वितळलेले पाणी शक्सगाममधून यारकंद नदीला आणि तिथून तारीमच्या खोऱ्यात जाते. ते पाणी कुठल्याच समुद्राला मिळत नाही, वाळवंटातच जिरते. शक्सगामच्या उत्तरेला अघिल नावाची दुसरी, जरा ठेंगणी पर्वतरांग आहे. दोन रांगांच्या मधली ही खडीने भरलेली, रुंद तळाची दरी म्हणजे शक्सगाम. दक्षिणेच्या बाजूने तिच्यात एकामागून एक हिमनद्या उतरतात आणि काही तर समोरच्या भिंतीला जाऊन टेकतात.

अशा ठिकाणी भूगोलातला सर्वांत साधा प्रश्न सर्वांत अवघड ठरतो. पाणी कुठल्या बाजूला वाहते? त्या उत्तरावर जलविभाजक रेषा अवलंबून, आणि एकोणिसाव्या शतकात राज्यकर्त्यांनी सीमा आखायला जलविभाजकाइतकी सोयीची दुसरी खूण मानली नव्हती. १८९९ मध्ये पेकिंगमधल्या ब्रिटिश वकिलाने, क्लॉड मॅकडोनल्डने, चीनच्या सरकारपुढे सीमेचा जो प्रस्ताव ठेवला तो मुख्यतः काराकोरमच्या जलविभाजकावरच बेतलेला होता. चीनने त्याला उत्तर दिले नाही. गंमत अशी की त्या वर्षी काराकोरमच्या या भागातला जलविभाजक नेमका कुठून जातो, हे प्रस्ताव मांडणाऱ्यालाही माहीत नव्हते.

का माहीत नव्हते? भारताची त्रिकोणमितीय मोजणी तर जगात नावाजलेली. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून तिला प्रारंभ झाला. ती उत्तरेकडे नेता नेता विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी वर्ध्याजवळच्या हिंगणघाटात वारला, आणि त्याची समाधी आजही तिथे आहे. (हिंगणघाटच्या शाळकरी मुलांना ती दाखवायला नेतात की नाही, कोण जाणे. नेत असतील तर उत्तम.) त्याच मोजणीचा धागा तीन दशकांनी काश्मीरला पोहोचला आणि १८५६ मध्ये थॉमस मॉन्टगोमेरीने हरमुखच्या अंगावरून, दोनशे किलोमीटरांवरून, काराकोरमची शिखरे टिपली. ‘के-१’, ‘के-२’ ही नावे म्हणजे त्याच्या वहीतले अनुक्रमांक.

मात्र त्रिकोणीकरण शिखरासाठी उत्तम आणि दरीसाठी निकामी असते. ज्ञात अंतरावरच्या दोन ठिकाणांहून थिओडोलाइटने एकाच शिखराचे कोन मोजले की त्या शिखराची जागा आणि उंची गणिताने मिळते. तिथे पाऊल ठेवावे लागत नाही. शिखर दुरून दिसते. नदी दिसत नाही, कारण ती डोंगराच्या पाठीमागे, तळाशी असते. ती कळायची तर तिथे गेलेच पाहिजे. त्यामुळे शतकाच्या अखेरीस विचित्र स्थिती होती: के-२ ची जागा फार थोड्या चुकीनिशी ठाऊक होती, आणि त्याच्या पायथ्याच्या उत्तरेकडची नदी कुठे उगवते, याचा पत्ता नव्हता. हेन्री गॉडविन-ऑस्टिनने १८६१ मध्ये प्लेन टेबल घेऊन बाल्टोरोसारख्या प्रचंड हिमनद्या रेखाटल्या. तरी त्याचेही काम रांगेच्या दक्षिणेकडेच राहिले.

उत्तर बाजूने पहिली नोंद मिळाली ती फ्रान्सिस यंगहजबंडची. १८८७ मध्ये पेकिंगहून भारतात येताना त्याने अघिल खिंड ओलांडली, शक्सगामच्या पात्रात उतरला आणि वली नावाच्या बाल्टी वाटाड्याच्या आधाराने मुझताग खिंडीतून बाल्टिस्तानात आला. त्याने नदीला ओप्रांग म्हटले आहे. दोन वर्षांनी, १८८९ मध्ये, तो गुरखा शिपाई घेऊन पुन्हा त्याच दरीत आला. साल्टोरो नावाच्या एका खिंडीबद्दल त्याने ऐकले होते. ती सापडेल या आशेने तो दक्षिणेकडच्या उर्दोक हिमनदीवर चढला, पण हिमभेगांमुळे माथ्यापर्यंत पोहोचू शकला नाही. तरी नोंद राहिली की साल्टोरो खिंडीची उत्तर बाजू म्हणजे उर्दोक हिमनदी.

ही तुटक रेघ होती. यंगहजबंडने उर्दोक पाहिली होती, माथा पाहिला नव्हता. दक्षिणेकडच्या लोकांना साल्टोरोची दक्षिण बाजू ठाऊक होती, माथ्यापलीकडचे ठाऊक नव्हते. दोन अर्धवट माहित्या नकाशावर एकमेकींना चिकटवल्या गेल्या आणि त्यांतून एक खिंड तयार झाली, जिच्या एका पायथ्याशी बाल्टी गावे आणि दुसऱ्या पायथ्याशी शक्सगाम.

जून १९०९ मध्ये टॉम लाँगस्टाफ ही खिंड ओलांडायला निघाला. तो पेशाने डॉक्टर होता. बरोबर काश्मीरमध्ये वैद्यकीय मिशनचे काम करणारे आर्थर नीव्ह आणि लेफ्टनंट स्लिंग्सबी होते. आज बिलाफोंड ला म्हणून ओळखली जाणारी ती खिंड त्यांनी पार केली. नकाशानुसार पलीकडे उर्दोक हिमनदी लागायला हवी होती. समोर एक विस्तीर्ण हिमनदी होती खरी, पण ती वाहत होती आग्नेयेकडे! शक्सगामची हिमनदी त्या दिशेला कशाला जाईल? शिवाय हिमनदीच्या खालच्या टोकाला जी शिखरे दिसत होती, ती नुब्राच्या बाजूने सर्व्हे ऑफ इंडियाने पूर्वीच त्रिकोणीकरणात बसवलेली शिखरे असावीत, असे त्याला हळूहळू उमगले. म्हणजे हे पाणी यारकंदचे नव्हे, नुब्राचे. हेन्री स्ट्रॅचीने १८४८ मध्ये नुब्रा खोऱ्यात जिचे मुख पाहिले होते, तीच ही सियाचिन.

लाँगस्टाफचे कौतुक वाटते ते त्यानंतरच्या कृतीसाठी. वरून दिसले तेवढ्यावर निष्कर्ष काढून तो घरी गेला नाही. त्याच वर्षी तो वळसा घालून नुब्रा खोऱ्यात आला, सियाचिनच्या मुखाशी पोहोचला आणि स्लिंग्सबीसह खालून वर चढत गेला. वरून पाहिलेल्या खुणा खालून ताडून पाहिल्या. अनुमान एका बाजूचे होते, ते दोन्ही बाजूंनी तपासले. यंगहजबंडची उर्दोक आणि साल्टोरो खिंड यांच्यामध्ये एक अख्खी हिमनदी आणि आणखी एक पर्वतरांग आहे, असे त्यातून सिद्ध झाले. नकाशातला जलविभाजक एका उन्हाळ्यात उत्तरेकडे सरकला आणि एवढा मोठा बर्फाचा प्रदेश तारीमच्या हिशेबातून निघून सिंधूच्या हिशेबात आला.

एक गोष्ट मात्र त्याच्याही हातून निसटली. सियाचिनवरून दिसलेल्या नव्या शिखराला त्याने तेराम कांगरी नाव दिले आणि त्याची उंची २७,००० फुटांहून अधिक असावी असा अंदाज केला. खळबळ उडाली, कारण तेवढ्या उंचीची शिखरे जगात मोजकीच. सर्व्हे ऑफ इंडियाने १९११ मध्ये रीतसर मोजणी केली, तेव्हा ती उंची साडेचोवीस हजार फुटांच्या आसपास भरली. हिमनदीच्या बाबतीत त्याने रेघ दोनदा तपासली होती, शिखराच्या बाबतीत एकदाच.

१९१२ मध्ये अमेरिकी गिर्यारोहक फॅनी बुलक वर्कमन सियाचिनच्या माथ्यापर्यंत गेली. स्त्रियांना मताधिकार मागणारा कागद हातात धरून तिने तिथल्या हिमपठारावर काढलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्या मोहिमेने सियाचिनचा पहिला तपशीलवार नकाशा दिला, आणि तो तयार करणाऱ्यांत ग्रँट पीटरकिनबरोबर सर्व्हे ऑफ इंडियाचा सर्जन सिंग हा भूमापक होता. त्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले नाही. १९१४ मध्ये इटालियन संशोधक फिलिपो दे फिलिपीच्या मोहिमेतल्या मेजर वुडच्या तुकडीला रिमो हिमनदीचे पाणी एका बाजूने श्योकला आणि दुसऱ्या बाजूने यारकंदला जाते, असे आढळले. म्हणजे जलविभाजक डोंगराच्या धारेवर असतो, ही पाठ्यपुस्तकातली समजूतही इथे टिकत नाही. तो वाहत्या बर्फाच्या पाठीवरून जातो आणि बर्फाबरोबर हलू शकतो. त्याच प्रवासात वुड एका खिंडीतून उतरला तेव्हा त्याला एक अनोळखी नदी वायव्येकडे जाताना दिसली. ती शक्सगामचा उगमभाग होती, पण वेळ नव्हता, अन्न संपत होते. नकाशावर आणखी एक तुटक रेघ वाढली.

वुडची आणि यंगहजबंडची रेघ जोडण्यासाठी १९२६ मध्ये केनेथ मेसन निघाला. हा सर्व्हे ऑफ इंडियाचा अधिकारी. १९१३ मध्ये पामीरवर भारतीय आणि रशियन त्रिकोणीकरणाची साखळी जोडण्याच्या कामात तो होता. त्याच्यासोबत मिंचिंटन, केव्ह, क्लिफर्ड हे लष्करी अधिकारी होते आणि खानसाहेब अफ्राझ गुल खान हा भूमापक. अफ्राझ गुलबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. ऑरेल स्टाइनच्या १९१३ ते १९१६ च्या मध्य आशियाई मोहिमेत तो वाळवंटात नकाशे काढायला शिकला. पुढे १९२५ मध्ये डच संशोधक फिलिप्स क्रिस्टियान व्हिसर याच्याबरोबर हुंझा भागात, १९२६ मध्ये मेसनबरोबर आणि १९२९-३० मध्ये पुन्हा व्हिसरबरोबर मुहम्मद अक्रम याच्या साथीने त्याने काम केले. काराकोरमचा नकाशा वीसेक वर्षांच्या काळात ज्या हातांनी रंगला, त्यांत याच्याइतके सातत्य दुसऱ्या कुणाचे मला दिसत नाही. मोहिमांना नावे मिळाली ती मात्र त्यांच्या पुढाऱ्यांची.

त्याचे मुख्य हत्यार प्लेन टेबल. तिपाईवर बसवलेला सपाट फळा, त्यावर कागद, आणि कागदावर फिरणारी नेम धरायची पट्टी. त्रिकोणीकरणाने आधीच पक्की झालेली तीन शिखरे ओळखायची, फळा नीट दिशेला लावायचा, त्या तीन शिखरांकडून मागे रेघा ओढायच्या. त्या जिथे एकमेकींना छेदतात, तिथे आपण उभे आहोत. मग तिथून जे जे दिसते त्याच्या दिशेने रेघा मारायच्या आणि दुसऱ्या ठिकाणाहून त्या छेदायच्या. काम शेतातच, म्हणजे उघड्यावर, डोळ्यांसमोर पूर्ण होते, ही याची थोरवी. आणि बोटे गोठली, ढग आले, शिखर झाकले गेले की काम थांबते, ही मर्यादा. मेसनने म्हणून सोबत फोटो-थिओडोलाइट घेतला होता. मोजलेल्या अंतरावरच्या दोन टोकांवरून एकाच देखाव्याची दोन छायाचित्रे काचेवर घ्यायची आणि पुढे यंत्राखाली ती जोडीने पाहत समोच्च रेषा काढायच्या. आपल्या दोन डोळ्यांना खोली जशी जाणवते, तेच तत्त्व. डोंगरावर उभे राहायचा वेळ तासांवरून मिनिटांवर येतो. उरलेले काम उबेला, टेबलाशी.

सासेर ला आणि देपसांगचे पठार पार करून मेसनची तुकडी वुडच्या त्या अनोळखी नदीवर पोहोचली आणि पात्राने खाली चालू लागली. थोड्याच वाटचालीनंतर क्यागर हिमनदी आडवी आली. दक्षिणेकडून उतरून ती संपूर्ण दरी ओलांडते आणि समोरच्या कड्याला भिडते. बर्फाचे असंख्य सुळके, मधूनमधून पाणी. माणसे कदाचित पार झाली असती. सामान आणि जनावरे शक्य नव्हते. यंगहजबंडच्या रेघेपर्यंत जायची वाट बंद झाली.

मेसनने मग उत्तरेकडे वळसा घेतला. अघिलच्या रांगेत शिरून पलीकडून दरीत उतरायचे, असा बेत. काही आठवड्यांनी त्याला एक मोठी नदी लागली, आणि हीच शक्सगाम असा आनंदही झाला. ती शक्सगाम नव्हती. तिच्या पाण्याचे प्रमाण आणि दिशा यांचा हिशेब जुळेना तेव्हा मेसनने तिला झुग शक्सगाम, म्हणजे खोटी शक्सगाम, असे नाव दिले. शोधमोहिमांच्या इतिहासात आपल्या फसगतीलाच कायमचे भौगोलिक नाव देणारे लोक विरळा. नाव अजून आहे.

परत आल्यावर १७ फेब्रुवारी १९२८ रोजी दिल्लीत, सरसेनापतींच्या दालनात, हिमालयन क्लबची पहिली सभा झाली. मेसन तिच्या संस्थापकांपैकी एक आणि १९२९ पासून तिच्या वार्षिकाचा, ‘हिमालयन जर्नल’चा, पहिला संपादक. (या क्लबचा कारभार पुढे मुंबईत आला, आणि मुंबईच्या गिर्यारोहकांना पूर्व काराकोरमचे जे वेड आहे त्याला ही परंपरा बरीचशी कारण आहे.) पहिल्याच अंकात मेसनने लिहिले ते श्योकच्या हिमनद्या आणि सिंधूचे पूर यांवर. क्यागरसमोर अडून उभे राहिलेल्या माणसाला बर्फाचे धरण म्हणजे काय ते पक्के कळले होते. श्योकच्या वरच्या अंगाला चोंग कुमदान हिमनदीने नदी अडवून तळे साठवले होते. ते १९२६ मध्ये फुटले आणि १५ ऑगस्ट १९२९ रोजी पुन्हा फुटले. पाण्याचा लोंढा श्योकमधून सिंधूत आणि सिंधूतून अटकेपर्यंत जाणवला. अटक म्हटले की आपल्याला १७५८ चे मराठी घोडदळ आठवते. त्या गावच्या लोकांना मात्र उत्तरेकडून येणारी दुसरीच स्वारी अधिक परिचयाची असावी. हिमनदी कुठवर पुढे आली आहे, तळे केवढे झाले आहे, हे माहीत असेल तरच खालच्या गावांना इशारा देता येतो. नकाशाची ही गरज साम्राज्याच्या गरजेहून निराळी होती, आणि ती टिकली.

उरलेला पट्टा १९३७ मध्ये भरला. एरिक शिप्टन, बिल टिल्मन, भूमापक मायकेल स्पेंडर आणि जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे भूवैज्ञानिक जॉन ऑडन, हे चौघे. स्पेंडर आणि ऑडन या दोघांचेही भाऊ इंग्रजीतले ख्यातनाम कवी, हा योगायोगच. सोबत सात शेर्पा आणि सुमारे शंभर बाल्टी हमाल. बाल्टोरोकडून रांग ओलांडून ते सार्पो लागोच्या बाजूने शक्सगाममध्ये उतरले.

त्यांची सगळी आखणी एका नदीच्या वेळापत्रकावर होती. हिमनदीतून निघालेली नदी घड्याळाप्रमाणे चालते. रात्री वितळणे थांबते, म्हणून पहाटे पाणी कमी. दुपारच्या उन्हाने वितळलेले पाणी संध्याकाळी खाली पोहोचते, म्हणून सकाळी ओलांडलेली नदी संध्याकाळी ओलांडता येत नाही. हेच चक्र वर्षाचेही. मे महिन्यात जी नदी माणूस कमरेइतक्या पाण्यातून पार करील, ती जुलै-ऑगस्टमध्ये अभेद्य होते. तुकडीचे पहिले काम नदीपलीकडे, अघिलमध्ये होते. तिथे काम लांबले आणि पाणी चढले, तर अलीकडचा शिधा अलीकडे आणि माणसे पलीकडे, थंडी येईपर्यंत. म्हणून आधी अघिल खिंडीचे स्थान निश्चित करायचे, खोट्या शक्सगामचे कोडे सोडवायचे आणि पाणी वाढायच्या आत परत फिरायचे, मग दक्षिणेकडच्या हिमनद्या, असा क्रम ठरला. त्यांनी तो पाळला. त्या एका हंगामात सुमारे १,८०० चौरस मैलांचा नकाशा तयार झाला.

शिप्टनने या प्रवासाच्या पुस्तकाला ‘ब्लँक ऑन द मॅप’, म्हणजे नकाशावरची कोरी जागा, असे नाव दिले. नाव आकर्षक आहे, पण ती जागा कोरी कुणासाठी होती हा प्रश्न उरतोच. शिमशालच्या गुराख्यांची कुरणे त्याच बाजूला होती. हुंझाचे लुटारू यारकंदच्या वाटेवरचे तांडे लुटायला त्या दऱ्यांतून जात, आणि यंगहजबंडला १८८९ मध्ये पाठवण्याचे एक कारण तेच. वलीच्या पूर्वजांना मुझताग खिंड माहीत होती. त्या माहितीला अक्षांश-रेखांश नव्हते, एवढाच तिच्यात आणि स्पेंडरच्या काचांत फरक. अर्थात तो फरक लहान नव्हे. अक्षांश-रेखांश असलेली माहिती तिथे कधीही न गेलेल्या माणसाला वापरता येते.

आणि ती वापरली गेली. २७ जुलै १९४९ च्या कराची करारात भारत आणि पाकिस्तान यांच्या सेनाधिकाऱ्यांनी युद्धविराम रेषा नकाशावर बिंदूबिंदूने आखली. एका जागेपुढे कुणाचेच सैन्य नव्हते आणि कुणी जाईल असेही वाटले नव्हते. त्या शेवटच्या बिंदूनंतर रेषा उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत जाते, इतकेच लिहून विषय सोडला. नकाशाच्या जाळीवरून त्या बिंदूला एनजे ९८४२ म्हणतात. १९७२ मध्ये नियंत्रण रेषा आखली तेव्हाही ती तिथेच थांबली. ‘उत्तरेकडे’ म्हणजे कुठल्या धारेने? लाँगस्टाफने जी गुंतागुंत १९०९ मध्येच उलगडून दाखवली होती, ती करारात एका शब्दात गुंडाळली गेली.

२ मार्च १९६३ रोजी पाकिस्तान आणि चीन यांनी पेकिंगमध्ये सीमाकरार केला. त्यान्वये शक्सगाम खोऱ्याचा सुमारे ५,१८० चौरस किलोमीटर प्रदेश पाकिस्तानने चीनकडे दिला. दिल्लीच्या राज्यक्षेत्राच्या साडेतीन पट. हा प्रदेश भारताचा असल्याने हा करार बेकायदा आहे, ही भारताची भूमिका तेव्हापासून आजवर कायम आहे. मे २०२४ मध्ये त्या खोऱ्यातल्या रस्तेबांधणीवर परराष्ट्र मंत्रालयाने दिल्लीतून निषेध नोंदवला, तोही याच भूमिकेतून. त्या करारातली सीमा पूर्वेला काराकोरम खिंडीपर्यंत येते, आणि याच खिंडीवर पुढची गोष्ट अडकते.

१९६० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकी नकाशांवर एनजे ९८४२ पासून थेट काराकोरम खिंडीपर्यंत एक सरळ रेघ दिसू लागली. कुणी ती जमिनीवर मोजली नव्हती, कुठल्या करारात ती नव्हती. दोन बिंदू पट्टीने जोडावेत तशी ती होती. तिथून ती इतर नकाशांत, भूगोलाच्या पुस्तकांत शिरली, कारण नकाशाची नक्कल करताना रेघ उतरते, तळटीप उतरत नाही. सियाचिन तिच्यामुळे पाकिस्तानच्या बाजूला पडत होती. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात गुलमर्गच्या लष्करी प्रशिक्षण संस्थेचे प्रमुख कर्नल नरेंद्र कुमार यांच्याकडे नुब्रा नदीतून तराफ्याने प्रवास करू इच्छिणारा एक जर्मन आला. त्याच्याजवळच्या नकाशावर ती रेघ कुमारांच्या लक्षात आली. ते नकाशा घेऊन दिल्लीत लष्करी कारवाईंचे संचालक असलेल्या छिब्बर यांच्याकडे गेले. १९७८ मध्ये कुमारांची तुकडी सियाचिनवर गेली आणि तेराम कांगरीच्या परिसरापर्यंत पोहोचली; १९८१ मध्ये ते पुन्हा गेले. १३ एप्रिल १९८४ रोजी ‘मेघदूत’ मोहीम सुरू झाली आणि सैन्य तिथेच राहिले. कुमारांचे निधन ३१ डिसेंबर २०२० रोजी दिल्लीतल्या लष्करी रुग्णालयात झाले.

सियाचिनचा वाद केवळ एका चुकीच्या रेघेमुळे उद्भवला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. राज्यांना वाद हवे असतात तेव्हा रेघ सापडतेच. पण मोजणी जिथे थांबली होती तिथेच करार थांबला, आणि कराराने सोडलेल्या जागेत पट्टीने ओढलेली रेघ घुसली, हा क्रम नाकारता येत नाही. विद्यार्थ्यांनी जुना नकाशा हाती घेतला तर आधी त्याच्या कडेचा मजकूर वाचावा: मोजणी कोणत्या साली, कुणी, कोणत्या पद्धतीने केली, कुठला भाग दुसऱ्या नकाशावरून उतरवला. त्यानंतर मधले चित्र पाहावे.

आज शक्सगाममध्ये प्लेन टेबल घेऊन जाणे भारतीय भूमापकाला शक्य नाही, पण त्याची फारशी गरजही उरलेली नाही. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेला भारत-अमेरिकेचा निसार उपग्रह रडार वापरतो, त्यामुळे त्याला ढग आणि रात्र आडवी येत नाही, आणि तो दर १२ दिवसांनी त्याच जागेवरून फिरतो. हिमनदी दोन फेऱ्यांमध्ये किती सरकली, हे त्यावरून मोजता येते. क्यागर हिमनदी अजून तशीच आहे. मधूनमधून तिला एकाएकी वेग येतो, ती समोरच्या कड्याला घट्ट भिडते आणि तिच्या वर तळे साठते. २०१५ नंतरच्या काही उन्हाळ्यांत ते तळे फुटले आणि पाणी यारकंद नदीतून खालच्या वस्त्यांपर्यंत गेले. मेसन जिथून परत फिरला, त्या जागेची उंची आणि त्या तळ्यातल्या पाण्याची पातळी आता आकाशातून वाचली जाते.